यादीत नसलेलं कार्ड

सहाव्या माळेच्या सकाळी कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा काळा झाला, तेव्हा बायको म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय."

मी चहाचा कप तिच्या बाजूला ठेवला. नवरात्रात आमच्या घरी दिवस तारखेने मोजत नाहीत, घटावर चढणाऱ्या माळेने मोजतात. कंपनीने तिच्या परीक्षेसाठी दिलेली तारीख नवव्या माळेला येत होती. दुपारी चार वाजता. म्हणजे खंडेनवमीला, ज्या दिवशी आमच्या भागात कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळी हत्यारं पूजेला मांडून त्यांना विश्रांती देतात. कंपनीच्या कॅलेंडरात खंडेनवमी नव्हती.

आम्ही शिनोलीला राहतो. मी जवळच्याच कॉलेजात मराठी शिकवतो. बायको लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं पुण्यात मोबाइलची ॲप लिहायची. मग मुलगी झाली, माझी आई गेली, वडील एकटे पडले, आणि आम्ही इकडे आलो. तात्पुरतं आलो होतो. त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तिने मुलीचा अभ्यास घेतला, वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, आणि दुपारी सगळे झोपले की जुन्या लॅपटॉपवर काहीतरी शिकत बसली. अर्ज बरेच केले. त्यातल्या एका लहानशा कंपनीने उत्तर दिलं. घरून काम, पण आधी परीक्षा. ते एक बिघडवलेलं ॲप पाठवणार, तिने दीड तासात बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा आणि आयफोनवर चालवून दाखवायचं. मशीन स्वतःचं हवं.

अडचण अशी की आयफोनचं ॲप बांधायचं तर मॅकच, म्हणजे त्याच कंपनीचा कॉम्प्युटर, लागतो. नवा मॅक आमच्या आवाक्यात नव्हता. पुण्यातल्या मैत्रिणीचा मॅक मागितला, तर ती तो घेऊन सणाला सोलापूरला गेली होती. इंटरनेटवर भाड्याने मिळणारा मॅक वापरून पाहिला. शिनोलीच्या नेटवर त्याचा बाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईपर्यंत भीमाशंकरच्या दोन गाड्या दारावरून जात. तेव्हा तिने तिसरा मार्ग काढला. सुटे भाग आणून साधा पीसी जुळवायचा आणि त्यावर मॅकची सिस्टीम चढवायची. याला हॅकिंटॉश म्हणतात. मॅक बनवणाऱ्या कंपनीच्या नियमात हे बसत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ही पळवाट आता फार वर्षं उरणार नाही, असंही तिने वाचलं होतं. पण तिला एकाच दुपारची गरज होती.

अशा मशीनमध्ये सगळं भागांवर असतं. खऱ्या मॅकमध्ये जे भाग कधीकाळी होते, त्यांच्या भावकीतलेच भाग लागतात. बाकीच्यांना सिस्टीम ओळखच देत नाही. म्हणून तिने तीन रात्री वाचून एक यादी केली होती. वहीच्या पानावर, निळ्या पेनाने, एकाखाली एक. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क, आणि ग्राफिक्स कार्ड. कार्डाच्या नंबराखाली दोन रेघा मारल्या होत्या: सहासष्टशे. प्रोसेसर स्वस्तातला होता, त्याच्यात चित्र दाखवायची सोयच नसते, म्हणून पडद्यावर जे काही दिसणार ते या कार्डातूनच दिसणार होतं.

"हेच आणा," ती म्हणाली होती. "दुसरं काही दिलं तर मला फोन करा."

मी दुसऱ्या माळेला नारायणगावला गेलो.

तिथला दुकानदार माझा जुना विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. व्यासपीठावर नऊ खुर्च्या, समोर सोळा माणसं. मला शाल, नारळ आणि फेटा मिळाला होता. अशा समारंभांवर मी एका दिवाळी अंकात पूर्वी एक लेख लिहिला होता. त्यात शालीला मी मराठी माणसाचा युनिफॉर्म म्हटलं होतं. फेटा डोक्यावर असताना तो लेख मला आठवला नाही.

त्याने खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, त्यांना मोठ्याने सांगितलं, "आमचे सर! यांच्यामुळं बारावी सुटली आपली." मग यादी घेऊन एकेक डबा काउंटरवर मांडायला लागला. कार्डापाशी थांबला.

"सर, सहासष्टशे कशाला? ते मागच्या पिढीचं झालं. तुमाला शहात्तरशे देतो. नवीन पिढी. लई भारी."

"यादीत सहासष्टशे आहे."

"त्याच भावात देतो, सर. वरचं काय घेत न्हाई. तुमाला जुना माल दिला तर लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे ती चार-पाच गिऱ्हाइकं. ती माझ्याकडे बघत होती. एक जण म्हणाला, "घ्या की सर, पोरगं मनापासून देतंय."

माझ्या खिशात फोन होता. बायकोला विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण पाच माणसांसमोर बायकोला फोन करून 'घेऊ का' विचारायचं, आणि तेही विद्यार्थी भेट दिल्यासारखं देत असताना, हे मला जमलं नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं होतं. मोठा आकडा, नवी पिढी, तोच भाव, आणि सगळं मी 'सर' म्हणून. शहात्तरशे हे सहासष्टशेपेक्षा मोठं असतं, एवढं गणित मराठीच्या शिक्षकालाही येतं. मी डबा पिशवीत टाकला.

घरी आल्यावर मशीन मीच जुळवलं. तिसऱ्या माळेला. स्क्रू पिळायचं काम मला आवडतं. रिकामे डबे एका पोत्यात भरून माळ्यावर टाकले. ते मुद्दाम टाकले असं मी तेव्हा स्वतःला म्हणू दिलं नसतं. तिने विचारलं, "सगळं यादीतलं मिळालं?" मी म्हणालो, "मिळालं."

चौथ्या माळेपासून ती त्या मशीनच्या मागे लागली. आधी मदरबोर्डाच्या सेटिंग बदलल्या. मग नेटची वायर ओळखता यावी म्हणून एक छोटी फाइल शोधून घातली. आवाजासाठी आणखी एक. यूएसबीची भोकं ही सिस्टीम पंधराच्या वर मोजत नाही, म्हणून कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची हे तिने एकेका भोकात पेनड्राइव्ह घालून ठरवलं, आणि वहीत मशीनची पाठ काढून त्यावर खुणा केल्या. हे सगळं एखाद्या कुशल सुईणीसारखं चाललं होतं. पाचव्या माळेला सिस्टीम सुरू व्हायला लागली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायच्या, शेकडो ओळी, आणि मग जिथे लॉगिनची खिडकी यायला हवी, तिथे पडदा काळा. पंखे फिरत राहायचे. मशीन जिवंत, चेहरा नाही.

ती पुन्हा सुरू करायची. पुन्हा ओळी. पुन्हा काळं.

वडील दारात येऊन बघायचे. त्यांनी आयुष्यभर डिझेल इंजिनं सांभाळली आहेत; नळीत हवा अडकली की ती बंद पडतात. "हवा धरली आसंल," ते एकदा म्हणाले.

"इथं हवा धरत नाही, दादा," बायको म्हणाली.

"धरायचं ठिकाण प्रत्येकात असतंय," म्हणून ते निघून गेले.

सहाव्या माळेला तिने रॅम काढून उलटसुलट लावली. सातव्याला केबल बदलली, शेजाऱ्यांचा टीव्ही आणून लावून बघितला. टीव्हीही काळा. मग ती आपलीच सेटिंगची फाइल जुन्या लॅपटॉपवर पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. त्यात हजारभर ओळी होत्या. बोट पडद्यावर ठेवून एकेक ओळ.

मी तेव्हा दुसऱ्या खोलीत मोबाइलवर तेच वाचत होतो, जे मी दुसऱ्या माळेला वाचायला हवं होतं. एका चर्चेच्या पानावर कुणीतरी विचारलं होतं, शहात्तरशेवर मॅक चालेल का. खाली एकाच शब्दाचं उत्तर होतं. नाही. आणखी खाली कुणी कारण दिलं होतं. ती पिढी बाजारात आली तेव्हा मॅकने अशी कार्डं वापरणंच सोडलं होतं, त्यामुळे तिची ओळख सिस्टीममध्ये कुणी घातलीच नाही. कितीही सेटिंग बदला, उपयोग नाही.

मी ते पान तीनदा वाचलं. मग फोन उलटा ठेवला. उठून तिला सांगायचं, तर 'मिळालं' हा शब्द परत घ्यावा लागणार होता. मला वाटलं, कदाचित दुसरंच काही कारण निघेल. कुठली तरी ओळ सापडेल आणि पडदा लागेल, आणि मग हे सांगायची वेळच येणार नाही. ज्या माणसाने ढोंगावर लेख लिहिला त्याने सातव्या माळेची सगळी संध्याकाळ अशी काढली.

आठव्या माळेला दुपारी मी कॉलेजातून आलो. ती अजून वाचत होती. वर बघितलंही नाही.

"सापडत नाही," ती म्हणाली. "सगळं बरोबर दिसतंय. म्हणजे मला चूक दिसेनाशी झालीये. सहा वर्षं हात सुटला की असंच होणार." मग थोड्या वेळाने, "उद्या त्यांना कळवून टाकते, जमणार नाही म्हणून. निदान आधी सांगितलेलं बरं."

मी म्हणालो, "कार्ड शहात्तरशे आहे."

तिला आधी कळलं नाही. "काय?"

"सहासष्टशे नाही. त्याने नवं दिलं. मी घेतलं."

ती उठली. मशीनचा बाजूचा पत्रा उघडला, मोबाइलचा टॉर्च लावला, खाली वाकून कार्डावरचा स्टिकर वाचला. बराच वेळ वाकूनच होती. एवढा नंबर वाचायला तेवढा वेळ लागत नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"नंबर वेगळा आहे हे दुसऱ्या माळेला. चालत नाही हे काल संध्याकाळी."

"काल संध्याकाळी," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने पत्रा परत बसवला, चारही स्क्रू लावले, आणि म्हणाली, "लावा फोन त्याला. सहासष्टशे असेल तर आत्ता जा."

दुपारभर त्याचा फोन लागला नाही. लागला तेव्हा दिवे लागले होते. मी सगळं सांगितलं. तो हळहळला. "सर, मला काय म्हाईत! मी तर चांगलं म्हणून दिलं. सहासष्टशेचा एकच डबा राह्यलाय. उद्या दुकान बंद, पण मी माल घरी आणलाय. तुमी सकाळी बोरीला या. देतो ना. तुमाला न्हाई म्हणीन व्हय?"

तो मला नाही म्हणणार नाही, हाच आमच्या दोघांचा आजार होता. तेव्हा मात्र मला ते ऐकून धीर आला.

खंडेनवमीला सकाळी मी बाहेर पडताना वडील अंगणात हत्यारं धुवत होते. विळे, कुऱ्हाड, पाना, इंजिनाचं हँडल. एका पाटावर मांडून हळद-कुंकू लावायचं काम चालू होतं. बायको म्हणाली, "दादा, आज मला मशीन लागणार आहे. चार वाजता."

मी थांबलो. या बाबतीत वडील फार कडक. एका खंडेनवमीला मी झेंडूची फुलं तोडायला विळा उचलला, तर मला दिवसभर त्यांच्याशी बोलता आलं नव्हतं.

वडिलांनी हातातली कुऱ्हाड फडक्याने पुसली. "ते चालतंय का?"

"अजून नाही."

"मग ते हत्यार कसं? चालत न्हाई त्याला काय इसावा द्यायचा? तू कर तुझं काम. चालू झालं की पुढच्या साली मांडू."

इतकं स्वच्छ तर्कशास्त्र मी विद्यापीठाच्या चर्चासत्रांतही ऐकलेलं नाही.

मंचर, नारायणगाव, मग आत वळून बोरी बुद्रुक. रस्ताभर ट्रॅक्टर माळा घालून उभे होते. चौकाचौकांत फ्लेक्स लागले होते, हात जोडलेले पंचवीस चेहरे एका फ्लेक्सवर, शुभेच्छा देताहेत. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो. जायला दोन तास, यायला दोन तास, कार्ड बसवायला अर्धा. वेळ पुरत होता, फक्त कुठे थांबायचं नव्हतं.

बोरीला त्यांचं घर उसाच्या कडेला. विद्यार्थी दारात उभाच होता, पण हसत नव्हता. त्याने मला ओटीवर नेलं आणि बाजूला झाला. समोर पूजा मांडलेली होती. फवारणीचा पंप, कोयते, ट्रॅक्टरचे पाने, आणि त्यांच्या शेजारी दुकानातला माल. एक कीबोर्ड, एक राउटर, आणि मध्यभागी कार्डाचा डबा. डब्यावर हळद-कुंकवाची पाच बोटं उठलेली, वर झेंडू.

"आईनं पहाटंच मांडलं," तो खाली बघत म्हणाला. "मला म्हणली, दुकानातलं चांगलं काय आसंल ते दे. मी उठायच्या आत..."

त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली. "या गुरुजी. बसा. च्या टाकते."

मी उभ्यानेच सांगितलं की घाई आहे, बायकोची परीक्षा आहे, चार वाजता, आणि तो डबा हवा आहे.

बाईंनी पूजेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमी मांडलेलं उठवीत न्हाई, गुरुजी. उद्या सोनं वाटलं की पयलं तुमचंच. पोरगं घिऊन यील."

"उद्या उपयोग नाही."

"सासऱ्यांच्या टायमापासून हाय हे. एक साल उठवलं व्हतं, मोटर काढली व्हती, त्या साली..." त्या थांबल्या.

विद्यार्थी म्हणाला, "आई, सर हायेत." मग माझ्याकडे वळून, "सर, तुमी म्हणाल तसं. तुमी उचल म्हणला तर मी उचलतो."

बाईंचा चेहरा पडला, पण त्या आडव्या आल्या नाहीत. गुरुजी म्हणाले तर त्या नाही म्हणणार नव्हत्या. ज्या खुर्चीवरून मला चुकीचं कार्ड मिळालं होतं, त्याच खुर्चीवरून आता बरोबर कार्ड मिळत होतं. फक्त एक शब्द बोलायचा होता. त्या मायलेकांमध्ये मागाहून काय झालं असतं, ते बोरीत झालं असतं. मी शिनोलीत असतो.

मी 'उचल' म्हणणार होतो. ते इथे लिहून ठेवतो. तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"घेतलं का?" बायको.

"नाही. पूजेला मांडलंय. पण देतोय तो, मी म्हटलं तर—"

"नको. ऐका. पडदा लागलाय."

मला खरं वाटेना.

"सुरू होताना एक शब्द जादा लिहिला की सिस्टीम कार्डाला ओळखायच्या भानगडीतच पडत नाही, नुसतं चित्र मागते. फार हळू आहे. खिडकी हलवली तर दोन सेकंद लागतात. पडद्यातला खोटा आयफोन उघडतच नाही, त्याला कार्ड लागतं. पण माझ्याकडे खरा जुना आयफोन आहे, तो वायरीने जोडून ॲप त्याच्यावर चालवता येईल. करून बघितलं, चाललं."

"पण एवढं हळू असेल तर—"

"तर हळू करीन. त्यांची पूजा राहू द्या. तुम्ही या."

"मग मी हे घेऊनच येतो ना, समोरच आहे."

ती म्हणाली, "आता एकदा तरी मी सांगितलेलं आणा. रिकामे या."

मी फोन ठेवला. बाई अजून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "राहू द्या," मी म्हणालो. "उद्या घेतो."

"च्या तरी घ्या," त्या म्हणाल्या, आणि आत वळताना डोळ्यांना पदर लावला. मी उभ्यानेच चहा घेतला, जीभ भाजली, आणि निघालो.

नारायणगावच्या चौकात देवीची मिरवणूक आडवी आली. पुढे ढोल, मागे उघड्या जीपमध्ये कुणी तरी पुढारी उभं राहून मोकळ्या रस्त्याला नमस्कार करत होते. त्यात चाळीस मिनिटं गेली. मंचरच्या पुढे पुन्हा एकदा कोंडी. घरी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते.

खोलीत जुना लॅपटॉप टेबलावर होता, त्याच्या कॅमेऱ्यातून ती दिसणार होती. शेजारी मशीन. पडद्यावरचे रंग फिके, अक्षरं मोठी आणि जाड. आयफोनची वायर आखूड. ती पुढच्या भोकात चालत नव्हती, कारण पंधरा मोजताना पुढची भोकं तिनेच सोडून दिली होती. मागच्या भोकातून वायर जेमतेम टेबलाच्या कडेपर्यंत पोचत होती.

"तुम्ही इथं खाली बसा," ती म्हणाली. "मी सांगितलं की फोन कॅमेऱ्यासमोर धरायचा. हलवायचा नाही. बोलायचं नाही."

मी टेबलाखाली गुडघ्यावर बसलो. चार वाजले.

व्हिडिओ कॉलवर पलीकडे कंपनीतली दोघं होती, एक बाई आणि एक पुरुष. नमस्कार झाले. बिघडलेलं ॲप आलं. तिने ते उघडलं, आणि पहिली खिडकी उघडायलाच इतका वेळ लागला की पलीकडचा माणूस म्हणाला, "आवाज येतोय ना?"

"येतोय. खिडकी येतेय."

मग ती लिहायला लागली. मला खालून तिची बोटं दिसत होती आणि पडद्याचा कोपरा. बोटं पुढे, अक्षरं मागे. ती ओळ लिहून संपवायची, आणि तेव्हा कुठे त्या ओळीतला पहिला शब्द पडद्यावर उमटत असायचा. ती पडद्याकडे बघणं सोडून कळफलकाकडे बघून लिहायला लागली. आंधळ्यासारखी नाही, पाठ असलेल्या माणसासारखी. एकदा चुकली. चूक पडद्यावर दिसेपर्यंत ती चार शब्द पुढे गेली होती, मग मोजून तेवढेच मागे आली आणि तेवढंच खोडलं. अर्धा तास झाला. तास झाला. माझा उजवा पाय मुंग्या येऊन बधिर झाला. बाहेर वडिलांनी मुलीला गप्प केल्याचा आवाज आला.

पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, मशीनला काही झालंय का?"

"कार्ड या सिस्टीमला चालणारं नाही," बायको म्हणाली. "मी यादीत दुसरं लिहिलं होतं. आल्यावर मी नंबर तपासला नाही. तपासायला हवा होता."

टेबलाखालून मी वर बघितलं. ती खाली बघत नव्हती.

"मग आज रद्द का नाही केलंत? आम्ही पुढची तारीख दिली असती."

"चालतं की नाही ते मलाही बघायचं होतं."

पुरुष हसल्यासारखा वाटला. बाई हसली नाही. "पंधरा मिनिटं राहिलीत," ती म्हणाली.

बिघाड सापडला होता. दुरुस्त झाला होता. आता ॲप बांधून फोनवर जायचं होतं. पडद्यावरची पट्टी भरत होती की नाही ते कळत नव्हतं, कारण पट्टी दाखवायलाही कार्डच लागत होतं. प्रोसेसर आत आपलं काम करत असावा, एवढ्या विश्वासावर सगळे थांबलो होतो. पंखा जोरात फिरायला लागला. पाच मिनिटं. सात. माझ्या हातातल्या फोनवर काहीच नव्हतं, पांढरा कोरा चौकोन. मग फोन थरथरला आणि ॲपमधली यादी उघडली. तिने खूण केली.

मी हात वर केला, फोन कॅमेऱ्यासमोर धरला. तिने माझं मनगट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने फोनवर एकेक गोष्ट दाबून दाखवली. पान उघडलं. मागे गेलं. पुन्हा उघडलं. यादी जागच्या जागी.

"तो हात कुणाचा?" पुरुषाने विचारलं.

"माझ्या मिस्टरांचा," बायको म्हणाली. "स्टँड आहे तो."

आता बाईही हसली.

बोलणं संपलं. लॅपटॉप मिटला. मी टेबलाखालून निघायचा प्रयत्न केला, तर पाय सरळ होईना. तिने हात देऊन उठवलं, आणि उठवून झाल्यावर लगेच सोडला.

"तू माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं.

"परीक्षा माझी होती," ती म्हणाली. "तुमची वेगळी आहे."

दसऱ्याला दुपारी उत्तर आलं. तिला घेतलं होतं. पहिले तीन महिने बघून मग पक्कं करणार, आणि तोपर्यंत मशीन स्वतःचंच वापरायचं होतं. खाली परीक्षा घेणाऱ्या बाईने स्वतः एक ओळ जोडली होती: कार्ड बदलून घ्या. बायकोने मला ते मोबाइलवर वाचायला दिलं, स्वतः बाहेर जाऊन वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "म्हंजे चालतंय?" ती म्हणाली, "उद्यापासून चालेल."

संध्याकाळी विद्यार्थी आला. खिशात आपट्याची पानं, हातात डबा. डब्यावर हळद-कुंकू तसंच होतं, त्याच्या आईने पुसू दिलं नव्हतं. त्याने मला पानं दिली आणि पाया पडायला वाकला. मी त्याचे खांदे धरले.

"बस झालं," मी म्हणालो.

"सर, शहात्तरशे परत नेतो," तो म्हणाला. "पण एक सांगू का, कार्ड ते लई भारी व्हतं."

"भारी आहे ना," बायको म्हणाली, "म्हणून जपून न्या."

तिने डबा त्याच्या हातातून घेतला, दिव्याखाली नेला आणि उघडला. मग कार्ड माझ्यासमोर धरलं, स्टिकर माझ्या बाजूला करून.

"वाचा."

"सहासष्टशे."

तिने ते वळवून स्वतः एकदा वाचलं, आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला.